आउटबोर्डचे प्लग आणि वायर: नुसता बसतो म्हणून घेऊ नका

जुना स्पार्क प्लग खोलायचा, दुकानात काउंटरवर ठेवायचा आणि “असाच द्या” म्हणायचं. नव्या बोटवाल्याची प्लगखरेदी बहुधा अशीच होते. यात दोन घोटाळे आहेत. तो जुना प्लग आधीच्या मालकाने बसवला होता. तो बरोबरच होता कशावरून? आणि १४ मिमी आट्यांच्या भोकात बसणारे प्लग डझनावारी मिळतात. सगळे हाताने फिरवून आत जातात आणि बहुतेकांवर इंजिन सुरूही होतं. चूक कळते ती किनाऱ्यापासून लांब गेल्यावर: तासभर फुल थ्रॉटल मारल्यानंतर, नाहीतर तासभर अगदी सावकाश गळ ओढत फिरल्यानंतर.

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्डांबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायच्या इंजिनांबद्दल आहे. टू-स्ट्रोक असो की फोर-स्ट्रोक, निवडीची रीत एकच आहे. हत्यारं फार लागत नाहीत: खोल प्लग-पाना, गॅप (दोन इलेक्ट्रोडांमधली फट) मोजायचं फिलर गेज, साधा मल्टिमीटर आणि जमलं तर टॉर्क रेंच.

आधी काउल उघडा, मग दुकान गाठा

काउल म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. ते काढलं की आतल्या अंगाला किंवा इंजिनवरच एक स्टिकर सापडतं. त्यावर बहुतेक कंपन्या प्लगचा नंबर आणि गॅप छापतात. त्याचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, कारण ऊन, पेट्रोल आणि खारी हवा मिळून ते कधीतरी वाचता येईनासं करणारच.

स्टिकर गेलंच असेल तर इंजिन ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, ज्या ब्रॅकेटने अडकवलेलं असतं त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी शोधा. कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये त्यावरून अचूक प्लग निघतो. “४० एचपी आहे” एवढ्या माहितीवर प्लग मागू नका. त्याच कंपनीच्या, तेवढ्याच ताकदीच्या दोन इंजिनांत इग्निशन वेगळं असू शकतं, हेड वेगळं असू शकतं, आणि त्याबरोबर प्लगही बदलतो.

जुन्या इंजिनांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. मॅन्युअल छापून झाल्यावर कंपनीने शिफारस बदललेली असते, किंवा तो नंबर बंद होऊन त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. म्हणून जुनं मॅन्युअल हातात असलं तरी सिरियल नंबर देऊन एकदा विचारून घेणं बरं. एका ब्रँडचा प्लग दुसऱ्या ब्रँडच्या कोणत्या नंबराच्या बरोबरीचा, हे सांगणारे तक्ते असतात. ते अंदाजे जुळवलेले असतात आणि सगळ्यात शेवटचा उपाय म्हणूनच वापरावेत.

नंबर वाचायला शिका

एनजीके या कंपनीचा बीआर८एचएस-१० हा टू-स्ट्रोक आउटबोर्डांत नेहमी दिसणारा प्लग. हाच उलगडून पाहू. ‘बी’ म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिमी. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. ‘८’ हा हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड याचा आकडा; त्याचा खुलासा पुढे येतो. ‘एच’ म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी. ‘एस’ म्हणजे तांब्याचा गाभा असलेला नेहमीचा मधला इलेक्ट्रोड. शेवटचे १० म्हणजे कारखान्यातून ठेवलेला गॅप, १.० मिमी.

आता फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी डीपीआर६ईए-९ घ्या. ‘डी’ म्हणजे १२ मिमी आटे, ‘पी’ म्हणजे चिनी मातीचं नाक पुढे आलेलं, ‘आर’ रेझिस्टर, ‘६’ हीट रेंज, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, आणि शेवटचे ९ म्हणजे गॅप ०.९ मिमी. दोन्ही प्लग शेजारी धरले तर डोळ्यांनाच फरक दिसतो. पण बीआर७एचएस आणि बीआर८एचएस शेजारी धरा, काहीही दिसणार नाही. म्हणून नुसत्या नजरेवर खरेदी करू नये.

यातलं एक अक्षर चुकलं तर काय होतं, ते आट्यांच्या लांबीवरून चांगलं कळतं. १९ मिमीच्या हेडमध्ये १२.७ मिमीचा प्लग घातला तर ठिणगी भोकाच्या आतच, आडोशाला पडते. इंजिन चालतं, पण मरगळल्यासारखं. दरम्यान हेडचे खालचे मोकळे आटे कार्बनने भरत जातात. पुढे कोणी बरोबर लांबीचा प्लग घालायला गेला की तो अर्ध्यावर अडतो. जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटेच उतरून येतात. उलट केलं, म्हणजे आखूड भोकात लांब प्लग घातला, तर नशीब वाईट असेल तेव्हा पिस्टन थेट प्लगवर आदळतो. आदळला नाही तरी ज्वलनकक्षात डोकावणारे आटे तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. त्याच कारणाने ‘पी’ नसलेल्या जागी ‘पी’चा प्लग परस्पर घालू नये. पुढे आलेल्या नाकाला पिस्टनपाशी जागा आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

चॅम्पियनची भाषा वेगळी. क्यूएल७७जेसी४ या नंबरात ‘क्यू’ म्हणजे रेडिओतली खरखर दाबणारी रचना, ‘एल’ म्हणजे १४ मिमी व्यास आणि १२.७ मिमी लांबी, ७७ हीट रेंज, ‘सी’ तांब्याचा गाभा आणि ४ म्हणजे इंचाच्या हजारांश भागांत ४० गॅप, म्हणजे जवळपास १ मिमी.

गरम प्लग, थंड प्लग

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून पाहू. गरम प्लगची ठिणगी गरम असते असं मुळीच नाही. प्लगचं टोक स्वतःची उष्णता किती पटकन हेडकडे सोडतं, एवढाच हा हिशेब आहे. मध्यभागी असलेलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता आट्यांतून आणि वायसरमधून झटकन हेडमध्ये जाते. हा थंड प्लग.

टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तरच त्यावरचा कार्बन जळून प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याखाली काजळी साठते, करंट ठिणगी न पाडता काजळीवरून घसरून जातो, आणि मेकॅनिक म्हणतात तसा “प्लग शॉर्ट होतो”. दुसऱ्या टोकाला, ८७० अंशांच्या आसपास तेच टोक निखाऱ्यासारखं होऊन मिश्रण अवेळी पेटवतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा शेवट पिस्टनला भोक पडण्यात होऊ शकतो. म्हणजे थंडीकडची चूक त्रास देते, गरमीकडची चूक इंजिन घेऊन जाते. शंका असेल तर मी थंडीकडे झुकेन.

आउटबोर्डला हे गाडीपेक्षा जास्त जाचतं. गाडीचं इंजिन आपल्या पूर्ण ताकदीवर क्वचित चालतं. बोटीला पाणी सतत मागे ओढत असतं आणि आउटबोर्ड तासन् तास मोठ्या थ्रॉटलवर चालतो. शिवाय त्याला थंड करायला नदी किंवा समुद्राचं ताजं पाणी येतं. म्हणून “गाडीत हा प्लग मस्त चालतो” हा पुरावा इथे लागू पडत नाही.

आकडे वाचताना सावध. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियन आणि बॉश यांच्यात आकडा मोठा तितका प्लग गरम. एका ब्रँडची सवय लागलेला माणूस दुसऱ्या ब्रँडमध्ये “एक नंबर थंड देतो” म्हणून नेमका उलट दिशेने जातो. एनजीके आणि डेन्सोसुद्धा दिशेला एक असले तरी आकड्यांना एक नाहीत: एनजीकेचा ७ डेन्सोच्या २२ च्या जवळ, ८ हा २४ च्या जवळ.

काही मॅन्युअलमध्ये दोन नंबर दिलेले असतात, एक सर्वसाधारण वापरासाठी आणि एक सतत वेगात चालवणाऱ्यांसाठी. तिथे आपल्या वापराप्रमाणे निवडा. तसा पर्याय दिलेलाच नसेल तर छापलेल्या नंबरावर राहा. सावकाश मासेमारी करणाऱ्यांचे प्लग वारंवार काळे पडतात आणि कोणीतरी एक नंबर गरम प्लग सुचवतोच. त्याआधी तीन गोष्टी बघा: पेट्रोलमध्ये ऑइल प्रमाणापेक्षा जास्त पडतंय का, आयडलचं मिश्रण दाट आहे का, आणि थर्मोस्टॅट उघडा राहून अडकला आहे का. हे तिसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. थर्मोस्टॅट मिटतच नसेल तर इंजिन कायम गारठलेलं चालतं आणि कितीही प्लग बदला, ते काळेच होणार. यातलं काहीच सापडलं नाही तर मेकॅनिकशी बोलून फार तर एकच नंबर हलवा, त्यापुढे नाही.

जुन्या काही टू-स्ट्रोक इंजिनांत सरफेस-गॅप प्लग येतात. त्यांना बाजूचा वाकडा इलेक्ट्रोडच नसतो. ठिणगी मधल्या टोकापासून भोवतालच्या कड्याकडे चिनी मातीवरून उडी मारते. ते अतिशय थंड प्लग असतात आणि त्यांचा गॅप बदलता येत नाही. असा प्लग निघाला तर “याचा इलेक्ट्रोड तुटलाय” म्हणून फेकू नका. आधी स्टिकर वाचा.

रेझिस्टर कुठे किती

प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ लहरी निघतात. त्या बोटीच्या व्हीएचएफ रेडिओत खरखर करतात, फिशफाइंडरच्या पडद्यावर रेघा आणतात, आणि नव्या इंजिनांत कॉम्प्युटरलाही चकवू शकतात. म्हणून वाटेत कुठेतरी रेझिस्टर ठेवलेला असतो. तो प्लगमध्ये असेल, प्लगच्या टोपीत असेल किंवा वायरमध्येच असेल. रेझिस्टर प्लगमध्ये साधारण ५ किलोओहम असतात, आणि रेझिस्टरवाल्या टोपीतही बरेचदा तितकेच.

नवखा माणूस हे तिन्ही सुटे सुटे विकत घेतो आणि बेरीज करत नाही. रेझिस्टर प्लग, वर रेझिस्टर टोपी, मध्ये गाडीची कार्बन वायर: जुन्या मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणारी रचना) दोरी ओढताना मिळणारी तुटपुंजी ठिणगी या वाटेत आणखी अशक्त होते आणि सकाळी थंड इंजिन सुरूच होत नाही. उलट, कॉम्प्युटरवाल्या इंजिनात ‘आर’ नसलेला प्लग घातला तर कारण न सापडणारे झटके आणि मिसिंग सुरू होऊ शकतं. कंपनीने रेझिस्टर जिथे ठेवला आहे तिथेच राहू द्या, आणि एक भाग बदलताना दुसऱ्यात काय आहे ते बघा.

इरिडियम घ्यावा का

इंजिन त्यावरच आलं असेल तर हो, तोच घ्या. नसेल तर मला फारसं कारण दिसत नाही. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशांना, निकेल १४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचं टोक अगदी बारीक ठेवता येतं, कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते आणि झीज कमी होते. पण जुन्या टू-स्ट्रोकमध्ये प्लग झिजून मरायच्या आधी काजळीने किंवा ऑइलने मरतो, आणि काजळी महागड्या प्लगलाही सोडत नाही.

थेट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोकांची गोष्ट वेगळी. एव्हिनरूडच्या ई-टेक इंजिनांत तर प्लग नुसता आवळून चालत नाही. बाजूच्या इलेक्ट्रोडची उघडी बाजू इंजेक्टरकडे यावी लागते. त्यासाठी प्लगच्या वरच्या मातीवर मार्करने खूण करून बसवतात. या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण वापरात अजून पुष्कळ आहेत, आणि जुनी बोट घेणाऱ्याच्या वाट्याला ती हमखास येतात.

गॅप

खोक्यावर “गॅप लावलेला आहे” असं लिहिलेलं असलं तरी मोजायचा. वाटेत खोका पडलेला असतो, आणि एकच प्लग वेगवेगळ्या इंजिनांत वेगवेगळ्या गॅपवर लागतो. स्टिकरवरचा आकडा प्रमाण मानायचा. फिलर गेजची पात हलकीशी घासत गेली पाहिजे. कमी-जास्त करायचं तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा. मधल्या टोकावर टेकू देऊन पाना फिरवाल तर चिनी मातीला न दिसणारी चीर जाते. बारीक टोकाच्या इरिडियमला तर त्या जागी गेजही जपून लावा.

गॅप फार मोठा ठेवला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ओझं कॉइलवर येतं. फार लहान ठेवला तर ठिणगी खात्रीने पडते पण आयडलला इंजिन गुरगुरतं. झिजलेल्या प्लगचा गॅप आपोआप वाढत जातो, हे जुना प्लग मोजून पाहिलं की कळेल.

वायर: इथे खारं पाणी जिंकतं

नव्या मोठ्या फोर-स्ट्रोकांपैकी बऱ्याच इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच कॉइल बसते आणि वायर हा प्रकारच नसतो. तुमचं तसं असेल तर फक्त रबरी बूट आणि आतली स्प्रिंग तपासा आणि पुढच्या भागाकडे जा.

बाकीच्यांसाठी पहिला प्रश्न: वायरच्या आत काय आहे? जुन्या आणि लहान आउटबोर्डांत बहुधा तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असतो; चांगल्या वायरीत त्या तारांवर कथिलाचा मुलामा असतो, म्हणजे हिरवा गंज उशिरा चढतो. बाहेरचं आवरण साधारण ७ मिमी जाडीचं. गाड्यांच्या वायरीत मात्र बरेचदा कार्बन लावलेल्या धाग्याचा गाभा असतो आणि त्याचा रोध मीटरला हजारो ओहममध्ये जातो.

रोधाचा मुद्दा वर आलाच. जोडणीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. कितीतरी आउटबोर्डांत कॉइलच्या तोंडात एक टोकदार स्क्रू असतो आणि टोपीतही तसाच. वायर त्यावर फिरवत नेली की स्क्रू तारांच्या पिळात शिरून पकड घेतो. कार्बनच्या धाग्यात तो स्क्रू भोक पाडून मोकळा होतो. जोडणी त्या दिवशी चालते. मग इंजिनच्या थरथरीने आत बारीक ठिणग्या पडू लागतात, धागा जळत जातो, आणि एके दिवशी एक सिलिंडर बसतो. गाडीची वायर कापून आउटबोर्डला लावण्याच्या मी विरोधात आहे ते मुख्यतः यासाठी.

वायर निवडताना मूळच्या इतकीच लांबी ठेवा. आखूड वायर ताणली जाते, लांब वायर फ्लायव्हील किंवा थ्रॉटलच्या सांध्यात घासते. सेन्सरच्या बारीक वायरींबरोबर तिची जुडी बांधू नका. कंपनीने दिलेल्या क्लिपांमधूनच न्या.

काही कॉइलींत वायर कायमची ओतलेली असते, ती निघत नाही. ओढून बघू नका. मॅन्युअलमध्ये वायर वेगळा पार्ट म्हणून दिसत नसेल तर कॉइलसकटच बदलायची आहे असं समजा.

टोपी घेताना प्लगचं डोकं बघा. काही टोप्या डोक्यावरच्या धातूच्या गोल नटावर क्लिपसारख्या बसतात, काहींना तो नट काढून आतला बारीक आट्याचा दांडा हवा असतो. नट ठेवायचा असेल तर पक्कडीने हलकेच घट्ट करा. कारखान्यातून तो कधी कधी हातानेच फिरवलेला येतो, आणि सैल नटामुळे होणारं मिसिंग शोधता शोधता माणूस कार्ब्युरेटर खोलून बसतो.

जुनी वायर ठेवायची की बदलायची हे असं ठरवा. टोपी फिरवून काढा आणि तारांचं टोक उजेडात धरा. चकचकीत लाल किंवा रुपेरी दिसलं तर उत्तम. हिरवट पावडर दिसली तर ५ ते ६ मिमी कापून पुन्हा पाहा. आतही हिरवंच असेल तर गंज आवरणाखालून पुढे सरकला आहे. वायर टाकून द्या. मग मल्टिमीटर लावा. तांब्याच्या वायरीचा रोध जवळजवळ शून्य यायला हवा, रेझिस्टर टोपीसकट मोजला तर टोपीवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास. मीटर लावलेलाच ठेवून वायर ठिकठिकाणी वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर आत तार तुटलेली आहे, मग बाहेरून ती कितीही नवी दिसो.

बूट लावण्याआधी त्याच्या आतल्या रबराला डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ओलावा बाहेर राहतो आणि पुढच्या वेळी बूट चिकटून फाटत नाही. बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, ते रबर फुगवतं.

बसवताना

इंजिन थंड असू द्या. किल-स्विचची दोरी काढा, बॅटरी असेल तर तिची वायर सोडवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो घालवा. वायरींवर टेपने सिलिंडरचे नंबर लिहा; सरळ रांगेतल्या इंजिनात बहुधा सगळ्यात वरचा पहिला असतो, व्ही इंजिनांत मॅन्युअल बघावं लागतं. अदलाबदल झाली तर इंजिन सुरू होणार नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतील.

बूट फिरवून सैल करा आणि बुटालाच धरून ओढा, वायरीला नाही. आउटबोर्डचे प्लग बरेचदा मागच्या बाजूला आडवे असतात, त्यामुळे भोवतीचं सुकलेलं मीठ आणि गंजाची खपली ब्रशने झाडून, फुंकून मगच पाना लावा. काढलेले प्लग रांगेत, नंबरवार ठेवा. नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाजूला टाका, बाहेरून काही दिसत नसलं तरी.

नवा प्लग पहिले सगळे आटे बोटांनीच फिरवा. पान्याऐवजी प्लगच्या डोक्याला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवलात तर अजून बरं. प्लग तिरका शिरला की नळी घसरते आणि आटे वाचतात. शेवटी आवळताना, वायसरवाल्या प्लगसाठी अॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर नवा प्लग अर्धा फेरा, म्हणजे त्याचं नवं वायसर चेपलं जातं. वापरलेल्याचं वायसर आधीच चेपलेलं असतं, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरे. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग सोळाव्या भागापेक्षा जास्त फिरवू नका.

आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू न देणारं वंगण) लावावं का, यावर मेकॅनिकांची दोन टोकांची मतं आहेत. प्लगच्या कंपन्या सांगतात की आट्यांवर मुलामा असतोच, आणि वंगणामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. खाऱ्या पाण्यात प्लग वर्षानुवर्षे काढलाच नाही तर तो धरून बसतो, हेही खरं. माझं म्हणणं, इंजिनचं मॅन्युअल सांगत असेल तरच लावा, तेही नावापुरतं आणि टॉर्क कमी करून. नाहीतर वर्षातून एकदा प्लग काढून घाला, धरायला वेळच मिळत नाही.

चाचणी आणि प्लगचा रंग

ठिणगी बघायची तर स्पार्क टेस्टर वापरा आणि सगळ्या सुट्या वायरी इंजिनच्या बॉडीला टेकवा. सीडीआय (एक प्रकारचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असलेल्या इंजिनात वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर ते व्होल्टेज कॉइलच्या आतून वाट काढतं आणि कॉइल किंवा सीडीआय जाऊ शकतो. सुरू केल्यावर काउल काढून अंधारात पाहिलं तर गळक्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हे करताना इंजिनला पाणी चालू हवं, गिअर न्यूट्रलला हवा आणि हात लांब हवेत.

खरा रंग वाचायचा तर नेहमीच्या वेगाने थोडं चालवून, मोकळ्या शांत पाण्यात त्याच थ्रॉटलवर किल-स्विचने इंजिन बंद करा. आयडलवर रेंगाळत धक्क्याला आलात तर त्या काजळीखाली आधीची सगळी खूण झाकली जाते. फिकट तपकिरी किंवा करडा रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट किंवा इंजिन गार. ओला काळा म्हणजे ऑइल जास्त किंवा ठिणगीच नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक दिसलं तर प्लग गरम किंवा मिश्रण पातळ आहे. कारण सापडेपर्यंत बोट बाहेर काढू नका. मातीवर धातूचे बारीक चकाकते कण चिकटलेले असतील तरीही तेच, कारण ते पिस्टनचे असतात. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा किंवा गंजलेला असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, बहुधा हेड गॅस्केटमधून.

प्लगच्या वरच्या पांढऱ्या मातीवर, धातूच्या कड्यालगत, तपकिरी वळं दिसतं. ते पाहून नवखे घाबरतात की कॉम्प्रेशन गळतंय. तसं नसतं, उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे जमतात. त्याच मातीवर उभ्या काळ्या रेघा असतील तर मात्र करंट बुटाच्या आतून खाली पळतोय: प्लग आणि बूट दोन्ही बदला.

काळे प्लग वाळूच्या झोताने साफ करून पुन्हा घालू नका. मातीच्या फटीत अडकलेला वाळूचा कण नंतर सिलिंडरमध्येच सुटतो. हंगाम संपताना इंजिनमध्ये फॉगिंग ऑइल (बंद काळात गंज रोखणारं तेल) मारून ठेवत असाल तर पुन्हा सुरू करताना जुन्या प्लगांवर ते ऑइल जाळून टाका आणि मग नवे बसवा.

बनावट प्लग सगळीकडे फिरतात, विशेषतः नावाजलेल्या ब्रँडचे. छपाई फिसकटलेली, आटे खरबरीत, वायसर सहज निघून हातात येणारं, मधला इलेक्ट्रोड केंद्रातून सरकलेला, असं काही दिसलं की परत करा.

बोटीवर सुटा संच ठेवाच: सगळ्या सिलिंडरांपुरते प्लग, स्टिकरप्रमाणे गॅप लावून, आपापल्या खोक्यात आणि वर बंद पिशवीत. सोबत तो पाना, जो तुमच्या काउलखाली खरोखर शिरतो. हे आधी धक्क्याला शिरवून पाहा, कारण सगळ्यात खालच्या सिलिंडरपाशी बरेच पाने अडतात. खोक्यावर गॅप आणि तारीख पेनाने लिहा. पिशवीत ओल शिरून प्लगच्या आट्यांवर तांबेरा दिसू लागला, की तो संच न वापरताच बदलायचा.